उत्कंठेचा उतारा : ‘पुढे काय?’ या प्रश्नाविरुद्ध

इंग्रजीच्या प्रगत अध्ययनार्थींना उत्कंठाप्रधान कादंबरीतील उतारा शिकविण्याची एक रीत इतकी रूढ झाली आहे की, ती एक रीत आहे आणि तिला पर्याय असू शकतो, हेच विसरले गेले आहे. ऐन ताणाच्या जागी उतारा तोडावयाचा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावयाचे, आणि ‘पुढे काय घडेल?’ असे विचारून वर्गाला बोलते करावयाचे. चर्चा रंगते, तास संपतो, विद्यार्थी इंग्रजीत बोलले याचे समाधान शिक्षकाला लाभते. या समाधानापायी साहित्यकृतीचा बळी जातोच. पण ज्या भाषेच्या नावाने हा खटाटोप चालतो, तिचे अध्यापनही घडत नाही.

‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी उतारा बारकाईने वाचावा लागत नाही. अशा कादंबऱ्या व चित्रपट ज्याच्या परिचयाचे आहेत, तो विद्यार्थी पहिल्या परिच्छेदावरच खुनी कोण, भूत खरे की खोटे, हे सांगून मोकळा होतो. ज्याने खेड्यातील मराठी शाळेतून येऊन इंग्रजी वाक्यरचना कष्टाने आत्मसात केली आहे, तो मात्र गप्प राहतो, आणि त्याचे मौन भाषेचे अज्ञान म्हणून मोजले जाते. वस्तुतः त्याला भाषा येत नाही असे नव्हे. त्या साहित्यप्रकाराचे संकेत त्याच्या परिचयाचे नाहीत. भाषेच्या कसोटीच्या नावाखाली येथे सांस्कृतिक परिचयाची कसोटी घेतली जाते.

शिवाय या प्रश्नामागील उत्कंठेची कल्पनाच चुकीची आहे. उत्कंठा म्हणजे शेवट ठाऊक नसणे, असे ती गृहीत धरते. १९६२ साली त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हिचकॉकने मेजाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन नेमका याच्या उलट मुद्दा मांडला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि मेजाभोवती बसलेल्यांना नाही, तेव्हाच उत्कंठा जन्मते. ती अज्ञानातून नव्हे, तर ज्ञानाच्या विषम वाटपातून निर्माण होते. तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यप्रधान कथांचे प्रकार पाडताना उत्कंठाप्रधान कादंबरीला जो स्वतंत्र वर्ग दिला, त्यातही वाचकाची ओढ दुहेरी मानली आहे : पूर्वी काय घडले याची आणि पुढे काय घडणार याची. आपल्या वर्गांत या दोहोंपैकी एकच ओढ उरते, आणि तीही तर्कवितर्काच्या खेळापुरती.

डॅफ्ने द्यू मोरिए हिच्या ‘रिबेका’ (१९३८) या कादंबरीचे उदाहरण घेता येईल. तिची निवेदिका मॅक्सिम डी विंटरची दुसरी पत्नी आहे. कादंबरीभर तिला नाव नाही. शीर्षकात नाव आहे ते मृत पहिल्या पत्नीचे. मँडर्ली हे घर हातचे गेले आहे आणि पतिपत्नी परदेशी दिवस कंठीत आहेत, हे आरंभीच्या दोन प्रकरणांतच स्पष्ट होते. म्हणजे लेखिकेने शेवटाचा मोठा भाग स्वतःच उघड केला आहे. रिबेकाच्या मृत्यूचे सत्य तिने राखून ठेवले आहे हे खरे. पण पानोपानी जाणवणारा ताण त्या एका गुपितावर उभा नाही.

वेषांतराच्या मेजवानीचा प्रसंग पाहावा. सज्जातील चित्रांपैकी एखाद्याचा वेष घ्यावा असे मिसेस डॅन्व्हर्स ही घराची कारभारीण नव्या मालकिणीला सुचविते आणि कॅरोलाइन डी विंटरच्या शुभ्र वेषातील चित्राकडे तिचे लक्ष वेधते. नवी मालकीण तो वेष गुपचूप शिवून घेते आणि आनंदाने जिना उतरू लागते. खाली उभे असलेले सारे स्तब्ध होतात. पती संतापून तिला वेष बदलावयास सांगतो. पूर्वीच्या मेजवानीत रिबेकाने हाच वेष घेतला होता, हे नणंदेकडून तिला नंतर कळते.

हा उतारा जिन्यापासून सुरू करून पतीच्या संतापाशी तोडला, तर विद्यार्थ्याच्या हाती केवळ धक्का येतो. डॅन्व्हर्सच्या सल्ल्यापासून सुरू केला, तर जिन्याची प्रत्येक पायरी जड होते. कारण निवेदिकेच्या मनात नसलेली शंका वाचकाच्या मनात जागी झालेली असते. म्हणजे कात्री कोठे चालवावी हा केवळ पाठ्यपुस्तकाच्या सोयीचा प्रश्न नव्हे. कात्रीची जागा बदलली की संहितेचा प्रकारच बदलतो. संपादकाने हा निर्णय निष्काळजीपणे घ्यावा आणि विद्यार्थ्याला ‘लेखिकेने उत्कंठा कशी निर्माण केली?’ असे विचारावे, हा अन्याय आहे.

यावर उपाय आहे, आणि तो रूढ रीतीच्या विरुद्ध दिशेने जातो : गुपित आधी सांगावे. सल्ला, जिना आणि नणंदेचा खुलासा असे तीन तुकडे द्यावेत व खुलासा सर्वप्रथम वाचावा. मग प्रश्न उरतो तो खरा प्रश्न : या वाक्यापर्यंत कोणाला काय ठाऊक आहे, आणि ते कोणत्या शब्दावरून कळते? ‘पाहतो कोण’ आणि ‘बोलतो कोण’ हा झेनेतने १९७२ मध्ये केलेला भेद येथे केवळ पारिभाषिक राहत नाही. बोलणाऱ्या निवेदिकेला सर्व ठाऊक आहे. पाहणाऱ्या तरुणीला काहीच ठाऊक नाही.

भाषेचे खरे अध्यापन येथे सुरू होते. इंग्रजीतील ‘द’ हे उपपद मराठी भाषकाला सर्वांत जास्त छळते; त्याचे नियम पाठ करूनही ते हुकते. मँडर्लीमध्ये मात्र ‘द वेस्ट विंग’ असा उल्लेख होतो तेव्हा ‘ही गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे’ असे ते उपपद सुचवीत असते, आणि नवी मालकीण त्या ‘सर्वां’त नसते. व्याकरणच तिला परके ठरविते. तीच गोष्ट ‘वुड’ची. निवेदिका सतत मनोराज्ये करते, न घडलेली दृश्ये रंगविते. ‘ती खिडकीशी बसे’, ‘ती खिडकीशी बसेल’, ‘ती खिडकीशी बसली असती’ ही मराठीत तीन निराळी रूपे आहेत. इंग्रजीत एकटे ‘वुड’ सवय, भविष्य आणि कल्पना या तिन्हींचा भार वाहू शकते. असे वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्णय करावाच लागतो : हे घडत असे, की केवळ कल्पिलेले आहे? जी मातृभाषा प्रगत वर्गातून हद्दपार केली जाते, तीच येथे समीक्षेचे साधन ठरते.

गुपित फोडल्याने रसभंग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. पण कीर्तनातले आख्यान ऐकणाऱ्याला सुवर्णमृगाचे कपट ठाऊकच असते. राम मृगामागे निघतो तेव्हा त्याची घालमेल त्यामुळेच वाढते. ‘रिबेका’ची कथा तर हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटातून, १९६४ च्या ‘कोहरा’तून आणि २०२० च्या नव्या चित्रपटातून फिरत राहिली आहे. ज्या कथेचा शेवट हातातल्या फोनवर क्षणात सापडतो, तिचे भाकीत करावयास सांगणे हे आता ढोंग आहे.

दुसरा आक्षेप अभिजनांचा : असले लोकप्रिय साहित्य विद्यापीठात कशाला? बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथा वाचून मराठी वाचकांच्या पिढ्या घडल्या, तरी समीक्षेने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले. हा आक्षेप त्याच कुळातला आहे. गंमत अशी की, भाकिताचा खेळ खेळविणारा शिक्षक या अभिजनांचाच साथीदार ठरतो. एक म्हणतो, या संहितेत वाचण्यासारखे काही नाही. दुसरा ती वाचतच नाही.

आणि यात पणाला लागते ते एका कादंबरीचे भवितव्य नव्हे. इंग्रजी हीच या देशातील उच्च न्यायालयांची, कंपन्यांच्या करारांची आणि सत्तेच्या बऱ्याच मोठ्या व्यवहाराची भाषा आहे. तेथेही कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय राखले आहे, हे उपपदांत, क्रियारूपांत आणि कर्त्याचा उल्लेख टाळणाऱ्या वाक्यांत दडलेले असते. कोणत्या शब्दाने आपल्याला अज्ञानात ठेवले, हे जिन्यावरच्या त्या तरुणीबरोबर एकदा जो शिकला, तो करारपत्रही तसेच वाचेल. ‘पुढे काय?’ एवढेच ज्याला विचारले गेले, तो पुढे काय होते याची वाट पाहत राहील.