लाइफटाइम वॉरंटी : पण कुणाच्या लाइफची?

आमच्या कवठे येमाईला सध्या ज्याला त्याला बंदुकीबद्दल बोलायचं असतं. साहजिक आहे. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याने तीन जीव घेतले, त्यात दोन लहान मुलं. ही गावं आमच्याच शिरूर तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात कामाला जाणाऱ्या बायकांचे फोटो पेपरांत आले. हॉस्टेलवर पोरांनी ते बघून "काय भारी आयडिया" म्हटलं. मी काही बोललो नाही. माझी चुलती रोज पहाटे उसाच्या कडेनेच गवताला जाते.

त्याच सुमारास घरी गेलो तर ओट्यावर चार माणसं बसलेली. आमच्या चुलत्यांकडे (सगळं गाव त्यांना नाना म्हणतं) दुर्बीण बसवलेली छऱ्याची बंदूक आहे, म्हणून सल्ला घ्यायला आलेली. मला बघून एकजण म्हणाला, "या इंजिनेर. आता तुम्हीच सांगा, दुर्बीण कुठली घ्यावी? धा हजारापत्तोर." मी तोंड उघडायच्या आधी नानाच म्हणाले, "कुठलीच घिऊ नगा. माझी बघा, खुटीला टांगलीया."

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती त्या चौघांनाही सांगावी लागली. छऱ्याची बंदूक बिबट्यासाठी नसते. ०.१७७ इंच बोअरच्या ज्या एअर रायफलला आपल्याकडे लायसन लागत नाही, तिची ताकद २० ज्यूलच्या आत असते. मोठ्या शिकारी रायफलची दोन हजार ज्यूलच्या पुढे. छरा लागून बिबट्या मरणार नाही, जखमी होईल, पिसाळेल आणि मग समोर जो येईल त्याचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नानांनी बंदूक घेतली होती ती २०२४ च्या दिवाळीत, डबे पाडायला. हौस, दुसरं काही नाही.

पण हौसेतून मला जे कळलं ते सांगण्यासारखं आहे.

बंदूक घेतली तेव्हा नानांनी तिच्यावर तीन-नऊ-चाळीसचा स्कोप बसवून घेतला. साडेनऊ हजारांचा. म्हणजे रस्त्यावरचा स्वस्त मालही नव्हे आणि लाखाचा जर्मन मालही नव्हे, आपल्यासारख्या माणसाने विचार करून घ्यावा असा मधला. खोक्यावर लिहिलं होतं 'शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ' आणि खाली सोनेरी अक्षरांत 'लाइफटाइम वॉरंटी'. पहिले दहा दिवस नाना वीस मीटरवरून माचिसची डबी पाडत होते. दीडदोनशे छरे झाले आणि नेम हटायला लागला. आज दोन इंच डावीकडे, उद्या एक इंच वर. नानांना आधी वाटलं की डोळ्याचा नंबर वाढला. शिरूरला जाऊन चष्मा बदलून आले! चष्म्याचे अडीच हजार स्कोपच्या हिशेबात धरायचे का, हा वाद घरात अजून चालू आहे.

मी मेकॅनिकलला असल्यामुळे गावात पंखा, पंप, मोबाईल सगळं माझ्यापुढे येतं. स्कोपही आला. खरं सांगायचं तर पहिला दोष आमचाच निघाला. स्कोप ज्या कड्यांनी बंदुकीवर धरलेला असतो त्या कड्या दर छऱ्यागणिक पट्टीवर केसभर मागे सरकत होत्या. मागे आडवी पिन लागते, ती दुकानदाराने बसवलीच नव्हती आणि आम्हाला माहीतच नव्हती. पिन टाकली, स्क्रू आळीपाळीने सारखे आवळले, निम्मा त्रास गेला. तेव्हा ज्या कुणाचा स्कोप 'बिघडलाय' त्याने आधी कड्या तपासाव्यात. कंपनीला शिव्या नंतर.

उरलेला निम्मा त्रास मात्र स्कोपच्या पोटातला होता. आलेख कागद वीस मीटरवर चिकटवला, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि चौकोनाची टेस्ट घेतली. म्हणजे वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पाच छरे. पाव मिनिटाचा एक क्लिक वीस मीटरवर साधारण दीड मिलिमीटर होतो, तेव्हा चौकोन तीन सेंटीमीटरचा यायला हवा आणि शेवटचे छरे पहिल्या जागी परत पडायला हवेत. आमचा चौकोन पतंगासारखा तिरपा झाला आणि पहिल्या जागेपासून दोन बोटं लांब संपला. पुन्हा केला, वेगळाच पतंग.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. वरची आणि बाजूची घुंडी त्या आतल्या नळीला ढकलते आणि समोरून एक स्प्रिंग तिला घुंडीवर दाबून धरते. सगळा नेम त्या स्प्रिंगच्या भरवशावर. आता साध्या रायफलचा धक्का एकाच दिशेने, मागे येतो. पण स्प्रिंग-पिस्टनच्या एअर रायफलचा धक्का दोन्हीकडे असतो. पिस्टन पुढे सुटला की बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला जाऊन आपटला की तीच बंदूक पुढे हिसका खाते. एकाच बाजूने आधार दिलेल्या भिंगाला आणि हलक्या स्प्रिंगला हा उलटा हिसका सोसत नाही. म्हणून ज्या स्कोपला मोठ्या रायफलीवर काही होत नाही तो छऱ्याच्या बंदुकीवर खिळखिळा होऊ शकतो. बाहेरच्या जाणत्या लोकांना हे ठाऊक असतं, चांगल्या कंपन्या 'स्प्रिंग गनसाठी चालेल' असं वेगळं लिहितातही. आमच्या दुकानदाराने बंदूक आणि स्कोप दोन्ही एकाच काउंटरवरून विकले आणि अवाक्षर काढलं नाही.

आता वॉरंटीची कथा. दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनी म्हणजे दिल्लीचा आयात करणारा. तो म्हणाला, तुमच्या खर्चाने पाठवा. पाठवला. महिनाभर फोन लागेना. अडीच महिन्यांनी स्कोप परत आला, सोबत एक ओळीची चिठ्ठी : तपासला, दोष आढळला नाही. कसा तपासला? डोळ्याला लावून बघितला असणार. चित्र स्वच्छ दिसत होतं हो, ते आम्हीही सांगितलं असतं! धक्क्याखाली जागा सोडतो की नाही हे धक्का दिल्याशिवाय कसं कळणार? नाना एवढंच म्हणाले, "बैल उभा असताना लंगडत न्हाई म्हणून चांगला म्हणायचा व्हय?" मशीन डिझाइनच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये स्टॅटिक आणि डायनॅमिक लोडमधला फरक इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

मग मी 'लाइफटाइम' या शब्दाच्या मागे लागलो. अमेरिकेत याला खरंच वजन आहे. तिकडच्या ल्यूपोल्ड कंपनीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मार्कस ल्यूपोल्डच्या स्कोपमध्ये शिकारीच्या ऐन वेळी धुकं साचलं, हरीण हुकलं, आणि त्या रागातून कंपनीने स्वतःचा स्कोप बनवला, १९४७ मध्ये. पुढे नळीत नायट्रोजन भरून धुक्याचा प्रश्न सोडवला. व्हॉर्टेक्ससारख्या कंपन्या तर बिल मागत नाहीत, पहिला मालक कोण ते विचारत नाहीत, मोडला तर दुरुस्त करून देतात नाहीतर बदलून. पण ही वॉरंटी उभी असते ती वर्कशॉपवर. जिथे वर्कशॉप आहे, माणूस आहे, सुटे भाग आहेत, तिथे ती खरी. शिवाय रायफलच्या दुर्बिणींवर अमेरिकेत निर्यात-नियंत्रण आहे आणि आपल्याकडे कस्टम्स आहेच. म्हणजे कुणी मामेभावाच्या सामानातून आणलेला महागडा स्कोप बिघडला तर तो परत पाठवून पुन्हा मागवणं ही वेगळीच पीएचडी. आमच्या नानांच्या कार्डावर तर बारीक अक्षरांत होतं की 'लाइफटाइम' म्हणजे 'त्या मॉडेलचं आयुष्य'. ते मॉडेल कधी बंद होणार हे ठरवणार कोण? तीच कंपनी.

मी पुण्यात सर्व्हेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडेही स्कोप घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, घुंडी फिरवून कानाला लावली आणि म्हणाले, "स्प्रिंग मेलीय बाळ. बदलून देईन. पण सील उघडलं की आतला गॅस गेला, तो भरायची सोय माझ्याकडे नाही. पावसाळ्यात आत पाणी धरेल." अडीच महिन्यांत दिल्लीला जे सापडलं नाही ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. वॉरंटी जाईल म्हणून आम्ही उघडू दिलं नाही. आता वाटतं, कुठली वॉरंटी?

इथे कुणी म्हणेल की आपल्या महाराष्ट्राने एवढे नेमबाज दिले, मग ही माहिती कशी नाही? स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हा आपण कॅन्टीनमध्ये नाचलो होतो. पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकाचं साइट वापरतात. त्यामुळे बालेवाडीच्या रेंजवर कितीही हुशार माणसं असली तरी त्यांचा संबंध आपल्या या दुखण्याशी फारसा येत नाही, असं मला वाटतं.

डबे पाडायच्या हौसेसाठी एवढा आटापिटा कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी ४ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवायला सांगेन. पिंपरखेडला वनखात्याच्या टीमने बिबट्याला थर्मल ड्रोनने शोधलं. बातम्यांप्रमाणे आधी बेशुद्धीचा डार्ट मारला, तो लागला नाही, बिबट्या चाल करून आला आणि मग शार्पशूटरना गोळी घालावी लागली. तो डार्ट का चुकला यावर मी बोलणार नाही. रात्र, हलतं जनावर आणि गोळीच्या मानाने फार हळू जाणारी, धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखी खाली पडत जाणारी सुई. भल्याभल्यांचं चुकेल. मला एवढंच म्हणायचंय की अशा कामात चुकायची जी दहा कारणं असतात त्यांत हत्यारावरची दुर्बीण हे अकरावं असू नये. डार्टची बंदूक जीपमधून कच्च्या रस्त्याने हिंडते, महिनोन्महिने पेटीत पडून राहते आणि मग एका रात्री तिच्यावर सगळ्या गावाचा जीव टांगलेला असतो. तिथे नेम हटला असेल तर दोष आढळला नाही अशी चिठ्ठी कुणाला दाखवायची?

माझा रूममेट सिव्हिलचा आहे. त्यांना डम्पी लेव्हल हातात दिली की आधी दोन खुंट्यांची टेस्ट घ्यायला लावतात. यंत्र कितीही नामांकित कंपनीचं असो, दृष्टिरेषा आडवी आहे की नाही हे स्वतः तपासल्याशिवाय रीडिंग मान्य नाही. तीही दुर्बीणच, हीसुद्धा दुर्बीणच. शेताच्या बांधाची उंची मोजायला जेवढी खात्री लागते तेवढीही आपण बंदुकीवरच्या काचेची मागत नाही, याचं मला नवल वाटतं. सरकारी असो की खाजगी, खरेदीच्या कागदात 'इतके धक्के दिल्यावर नेम इतक्यापेक्षा जास्त हटता कामा नये' आणि 'दुरुस्ती राज्यात, इतक्या दिवसांत' या दोन ओळी असायला हव्यात. 'लाइफटाइम' नसलं तरी चालेल. तीन वर्षांची पण पुण्यात निस्तरली जाणारी वॉरंटी मी केव्हाही जास्त धरीन.

साध्या गिऱ्हाइकाने काय करावं? बिल जपून ठेवावं (नानांनी ते पंचांगात ठेवलं होतं, म्हणून सापडलं). २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा आयोगात फी नाही. दुकानदाराला 'कंपनीशी बोला' म्हणून हात झटकता येत नाहीत, सदोष माल विकणाराही उत्तरदायी असतो. मुदत मात्र दोन वर्षांची, ती नानांच्या बाबतीत फोन करण्यातच बरीचशी गेली. पण आयोगापुढे नुसतं 'नेम हटतो' म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. आमच्याकडे पुरावा म्हणजे तिरप्या पतंगांचे सात आलेख कागद, तारखांसकट.

आणि इथेच आपल्या कॉलेजने काहीतरी करावं असं माझं म्हणणं आहे. मेकॅनिकलच्या लॅबमध्ये आयझॉड टेस्टचा लोलक आहे, फिजिक्सवाल्यांकडे ऑप्टिकल बेंच आणि कोलिमेटर आहे. स्कोप एका वजनदार गाड्यावर पकडून त्याला पुढून-मागून मोजके धक्के द्यायचे आणि दर पन्नास धक्क्यांनी क्रॉस कुठे सरकला ते मोजायचं. बंदूक नको, छरा नको, परवानगीचा प्रश्न नाही. दरवर्षी त्याच त्या 'मल्टिपर्पज अ‍ॅग्रिकल्चर मशीन'च्या प्रोजेक्टला रंग बदलून मार्क मिळवणाऱ्या आपल्या बॅचमधल्या चौघांनी हे केलं, तर निदान एक असा कागद तयार होईल ज्यावर आकडे असतील. सरांना विचारलं तर म्हणाले, "स्कोप आहे का तुझ्याकडे फोडायला?"

आहे. नानांनी खुटीवरून काढून पिशवीत घालून दिला. "फुटला तर फुटू दे, पर कशानं फुटला त्ये सांग," म्हणाले. बाकीचे तीन जोडीदार हवे आहेत. ब्लॉक सी, रूम नंबर १४, संध्याकाळी सातनंतर.