सहकार्य की हुकूम?

पत्ते हा शब्द उच्चारताच आमच्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. आणि सहकार्य हा शब्द उच्चारताच तीच आठी मावळून मुद्रा प्रसन्न होते. या दोन्ही भावनांत विचारापेक्षा सवयीचाच भाग अधिक. जे दुर्गुण पत्त्यांत नाहीत ते आपण पत्त्यांच्या माथी मारतो, आणि ज्यास सहकार्य म्हणून गौरवितो त्यातील पुष्कळसे निव्वळ आज्ञापालन असते. हे दोन्ही भ्रम एकाच बैठकीत उघडे पाडणारा एक खेळ २०१९ साली जर्मनीत निघाला. तो जालना जिल्ह्यातील घराघरांत शिरावा असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्यास जो विरोध होतो किंवा होईल, तो कोणत्या पायावर उभा आहे हे तपासून पाहण्यासाठी हा लेखप्रपंच.

खेळाचे नाव 'द क्रू', म्हणजे यानावरील मंडळी. रचनाकार थॉमस झिंग. प्रकाशक जर्मनीतील कॉसमॉस. मुरलेल्या खेळाडूंसाठी असलेला त्या देशाचा मानाचा वार्षिक पुरस्कार यास २०२० साली मिळाला. कथा अशी की, सूर्यमालेच्या टोकाशी असलेल्या नवव्या ग्रहाच्या शोधार्थ एक यान निघाले आहे आणि खेळणारे सर्वजण त्या यानावरचे सोबती आहेत. एकमेकांस हरवावयाचे नाही. पन्नास मोहिमा एकत्र पार पाडावयाच्या, आणि एकाची चूक झाली की सर्वांचा डाव गेला.

ज्याने आयुष्यात एकदा तरी मेंढीकोट खेळला आहे त्यास हा खेळ अर्धा येतोच. उतारी झालेल्या रंगाचे पान हाती असेल तर तेच टाकावयाचे, मोठ्या पानाने हात घ्यावयाचा, हुकमाने इतर रंगांवर मात करावयाची: हे सारे आपल्या ओळखीचे. चार रंगांची एक ते नऊ अशी छत्तीस पाने आणि अग्निबाणाची चार पाने, मिळून चाळीस. अग्निबाण हाच कायमचा हुकूम. चौघे असतील तर प्रत्येकास दहा पाने येतात. चार क्रमांकाचा अग्निबाण ज्याच्याकडे आला तो त्या मोहिमेचा नायक. पहिली उतारी त्याची. याखेरीज त्या छत्तीस पानांची लहान जोडपाने वेगळ्या गठ्ठ्यात असतात, तीच कामे. मोहिमेला लागतील तितकी कामे उघडी मांडावयाची आणि नायकापासून सुरुवात करून क्रमाने एकेकाने निवडावयाची. हिरव्या रंगाच्या पंजाचे काम मी घेतले, म्हणजे तो पंजा ज्या हातात पडेल तो हात मीच घेतला पाहिजे. दुसऱ्याने घेतला की मोहीम तिथेच फसली.

आता यासाठी परदेशी पेटी मागविलीच पाहिजे असे नाही. घरातील पत्त्यांचे दोन जोड पुरेत. पहिल्या जोडातील एक्का ते नव्वी ही छत्तीस पाने घ्यावी, एक्क्यास एकच मोजावे, आणि चार राजे अग्निबाण म्हणून बाजूस काढावे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा त्यांचा चढता क्रम ठरवावा. इस्पिकचा राजा ज्याच्याकडे तो नायक. मात्र हे चार राजे आपापली जात सोडून एक पाचवा रंग बनतात, हे लक्षात ठेवावे: राजाची उतारी झाली तर ज्याच्याजवळ राजा असेल त्यास तो टाकावाच लागेल. दुसऱ्या जोडातील एक्का ते नव्वी ही कामांची पाने. राणी, गुलाम आणि दश्शी यांना विश्रांती. पहिल्या मोहिमेत एकच काम मांडावे, दुसरीत दोन मांडून कोणते आधी व कोणते नंतर तेही ठरवावे. नियम अर्धा तास वाचून दाखवू नयेत. पाने वाटावी आणि खेळता खेळता नियम सांगावे.

येथवर विशेष काही नाही. या खेळाचे मर्म पुढच्या एका निर्बंधात आहे. आपल्या हातातील पानांविषयी कोणी चकार शब्द काढावयाचा नाही. सबंध मोहिमेत प्रत्येकास एकदाच, तेही एक हात संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी, आपले एक पान उघडे करून त्यावर खूण ठेवता येते. घरी चिंचोका ठेवला तरी चालेल. खूण वरच्या बाजूस ठेवली तर त्या रंगातील माझे ते सर्वांत मोठे पान, खाली ठेवली तर सर्वांत लहान, आणि मधोमध ठेवली तर त्या रंगाचे माझ्याजवळ तेवढेच एक. हुकमाचे पान असे दाखविता येत नाही. एवढ्याशा संकेतावरून इतरांनी ओळखावयाचे की सोबत्याच्या हातात काय असेल, त्यास काय हवे असेल आणि आपण कोठे माघार घ्यावी.

पहिला आक्षेप जुगाराचा. पैसा हा जुगाराचा प्राण. ज्या खेळात कोणी कोणाचे काही जिंकत नाही त्यास जुगार कोणत्या न्यायाने म्हणावे? शिवाय जालना ज्या राज्याचा भाग होते त्या हैदराबादच्या जुगारविषयक कायद्याखालीच सिकंदराबादच्या एका क्लबाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि १९६८ साली त्या न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, हे त्याचे एक कारण होते. हे कारण या खेळास तर शतपटीने लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला ते आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. आळसाचा धिक्कार करणाऱ्या त्या पुरुषाच्या भूमीत पत्ते कुटत बसावे काय, असे विचारले जाते. उत्तर समर्थांच्याच ग्रंथात आहे. दासबोधात दुश्चितपणावर एक स्वतंत्र समास आहे. देह येथे आणि चित्त भलतीकडे, ही अवस्था त्यांना अत्यंत त्याज्य वाटे. आज आमच्या दिवाणखान्यांत चौघेजण चार मोबाईलांत तोंड खुपसून बसतात, तेव्हा या दुश्चितपणाचे मूर्तिमंत चित्रच तेथे उभे असते. त्याविरुद्ध कोणी समर्थांना साक्षीस बोलावीत नाही. ज्या खेळात क्षणभर अवधान सुटले की तिघा सोबत्यांचा डाव बुडतो, तो मात्र आळस!

तिसरा आक्षेप असा की, अंतराळयाने आणि अज्ञात ग्रह ही परक्यांची पोरकट कल्पना. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली पहिली आली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनाच मिळाले. विज्ञानकथा मराठीस परकी राहिली आहे असे आता कोण म्हणेल? आणि नववा ग्रह ही केवळ कविकल्पना नव्हे. नेपच्यूनपलीकडील काही गोलांच्या कक्षा विचित्र रीतीने एकाच बाजूस झुकलेल्या आढळल्यावरून बाटिगिन आणि ब्राउन या दोघा शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याचे अनुमान मांडले. तो अद्याप सापडलेला नाही. नेपच्यून तरी कसा सापडला? पॅरिसमध्ये लव्हेरिएने गणित केले आणि १८४६ साली बर्लिनमध्ये गालेने दुर्बीण रोखली. गणित एकाजवळ, दुर्बीण दुसऱ्याजवळ. एक पत्र हाच काय तो दुवा. तुटपुंज्या संकेतावर विसंबून एकमेकांची कामे पुरी करणे ही विज्ञानाची जुनी रीत आहे, आणि खेळात तीच उतरली आहे.

चौथा आक्षेप खुद्द पत्तेबाजांचा: जेथे प्रतिस्पर्धी नाही तेथे रंगत कसली? काही वेळा वाटपच असे होते की कोणत्याही चातुर्याने मोहीम तडीस जात नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तेव्हा पाने पुन्हा पिसून वाटावी. पण प्रतिस्पर्धी नाही हे खरे नव्हे. या खेळातील प्रतिस्पर्धी आपलेच अज्ञान आहे, आणि त्याच्याइतका चिवट गडी मेंढीकोटात मिळणार नाही.

परंतु हे सारे आक्षेप वरवरचे. खरा विरोध ज्या स्थानातून येतो त्याचे नाव कोणी घेत नाही. सहकारी म्हणविणाऱ्या पुष्कळ खेळांत असे होते की, घरातील जो अधिक जाणता तोच सर्वांच्या वतीने खेळतो: तू हे कर, तू ते ठेव. बाकीच्यांनी हात हलवावयाचे. डाव जिंकला जातो, पण जिंकतो एकटाच. हे दृश्य आमच्या घरांत नवे नाही. मुलाने कोणती शाखा घ्यावी, मुलीस शिकावयास संभाजीनगरास धाडावे की लातुरास, हे एकजण ठरवितो. इतरांच्या मौनास आपण एकोपा म्हणतो. 'द क्रू' या एकोप्याच्या मुळावरच घाव घालतो. दुसऱ्याची पाने दिसत नाहीत, विचारता येत नाहीत, म्हणून हुकूम सोडताच येत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या हातातील दुरी आजोबांच्या अग्निबाणाइतकीच निर्णायक ठरते, आणि ती केव्हा टाकावी हे तिचे तिलाच ठरवावे लागते.

पाचवी मोहीम तर प्रत्येक कर्त्या पुरुषाने खेळून पाहावी. यानावरील एकजण आजारी आहे. नायक प्रत्येकास प्रकृती विचारतो; उत्तर 'बरी' किंवा 'बरी नाही' इतकेच. त्यावरून नायकाने आजारी कोण ते ठरवावयाचे, आणि मग सर्वांनी मिळून असे खेळावयाचे की त्या माणसावर एकही हात घेण्याची पाळी येऊ नये. दुबळ्याचा भार न बोलता वाटून घेणे याहून अधिक स्पष्ट करून कोणते व्याख्यान सांगेल?

ही केवळ घरगुती गोष्ट नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. घाणेवाडीच्या निजामकालीन तलावातील गाळ उपसण्यास जालन्याचे नागरिक एकत्र आले, ते कोणाच्या फर्मानाने नव्हे. मात्र अशी कामे आरंभास जितकी सोपी तितकी टिकविण्यास अवघड असतात. कारण ज्यास घरात आपल्या बुद्धीने पान टाकण्याची सवय नाही, तो बाहेर कोणीतरी हुकूम देईल म्हणून वाट पाहत बसतो, आणि हुकूम देणारा गेला की कामही जाते.

एक खेळ समाज पालटील असा आमचा दावा नाही. परंतु जे घर मुलांस सहकार्याचे निबंध घोकावयास लावते आणि जेवणाच्या पानावर त्यांस बोलू देत नाही, त्या घराने सुट्टीच्या दिवशी दोन जोड पत्ते काढावे, चाळीस पाने वाटावी, आणि वडिलांनी तासभर मौन पाळावे. जी मंडळी या खेळास वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांपैकी कितीजणांस तो तास खरोखर वेळेमुळे जड जाईल आणि कितीजणांस मौनामुळे, हे पहिल्याच मोहिमेत दिसून येईल.