शिकवणी दोन्हीकडून हवी

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपण पहिलेच. साहजिकच, शिकविणारे आपण आणि शिकणारे आईवडील असा आपला समज होतो. माझाही होता.

गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, बाबांना अंगठ्याऐवजी सही शिकवायची असे मी ठरविले. सत्तर पानांचा एक पुडा हा हिशेब त्यांना तोंडपाठ. लिहिता-वाचता तेवढे येत नव्हते. दुपारी पुडे बांधून झाले की आम्ही पाटी घेऊन बसू. एके दिवशी चिठ्ठीवर पंधरा पुडे कमी मांडलेले बाबांनी स्वतः वाचून दाखविले! पण सालीवरून धावडा ओळख म्हणाले, तेव्हा मी गप्प. शाळेने मला ते कधी शिकविलेच नव्हते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अभ्यासगटात एकत्र बसून गावाने कायदे समजून घेतले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. अशा दाव्याला जशी लिहिलेली कागदपत्रे लागतात, तशीच वडीलधाऱ्यांची साक्षही पुरावा म्हणून चालते. म्हणजे अक्षर आणि अनुभव दोन्ही हवेत.

मित्रहो, आपण नुसते शिकवीत राहिलो तर शिक्षणाची घरात भिंतच होईल. या सुट्टीत घरी पाटी अवश्य न्या. पण विद्यार्थी होऊनही बसा. बाबा आता सही करतात. मला मात्र दहा झाडेही अजून नीट ओळखता येत नाहीत.