उपयोग काय, हा प्रश्न थोडा उशिरा विचारू या

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. पारा चव्वेचाळीसच्या घरात आणि त्यातच वीज गेलेली. संध्याकाळी वीज आली, फ्रीजरमधले आइस्क्रीम पुन्हा घट्ट झाले. पण खाताना बर्फाचे खडे कचकच लागू लागले. मी दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली. बारावीची परीक्षा दिलेली माझी मुलगी हसली. "बाबा, त्याचा काय दोष? बर्फाचे बारीक कण वितळले आणि ते पाणी पुन्हा गोठताना उरलेल्या कणांवर बसले, म्हणून खडे झाले. ही वाढ थोपवणारी प्रथिने असतात. ध्रुवाकडच्या जिवाणूंकडेसुद्धा!"

तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे आहे. तिने इंजिनिअर व्हावे, ही माझी इच्छा. मी फटकन विचारले, "त्या जंतूंचा सोलापुरात उपयोग काय?"

ती गप्प झाली. मला मात्र चैन पडेना, म्हणून मीच वाचायला बसलो.

अंटार्क्टिकाच्या समुद्राचे पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असते. माशांचे रक्त त्याआधीच गोठायला हवे. मग मासे जगतात कसे? १९६०च्या दशकात आर्थर डीव्हरीज या अमेरिकन संशोधकाने या प्रश्नाचा माग काढला. माशांच्या रक्तातली काही प्रथिने बर्फाच्या इवल्याशा कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत, असे आढळले. पुढे अशी प्रथिने जिवाणू, बुरशी, शैवाल यांच्यातही सापडली. अंटार्क्टिकातल्या एका सरोवरातला 'मरिनोमोनास' जातीचा जिवाणू तर अशा लांबलचक प्रथिनाने वरच्या बर्फाला धरून राहतो. प्राणवायू आणि अन्न वरच्याच थरात मिळते ना!

आणि आइस्क्रीम? माशातले असे प्रथिन यीस्टकडून तयार करवून आइस्क्रीममध्ये वापरायला युरोपीय संघाने २००९ मध्ये परवानगी दिली. डीव्हरीज आइस्क्रीम शोधायला गेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

हे सारे परक्यांचेच, असेही नाही. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली ती शेजारच्या गोव्याहून, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही गोव्यातच, वास्कोला आहे. तिथल्या बर्फाळ मुलखातून आणलेल्या जिवाणूंचा अभ्यास झाला तो हैदराबादच्या प्रयोगशाळेत. उन्हाने भाजून निघणाऱ्या दख्खनच्या पठारावर!

पालकांची काळजी खोटी नाही. संशोधनाच्या जागा थोड्या, वाट लांबची, आणि घर तर चालवायचे असते. पोटापाण्याचा विचार मुलांनी करायलाच हवा. पण मुलाच्या तोंडून प्रश्न निघतो न निघतो तोच आपण 'उपयोग काय' म्हणून त्याचे तोंड बंद करतो, त्याचे काय? उपयोग पुष्कळदा मागाहून येतो, तोही भलत्याच दाराने. आधी कुणीतरी नुसत्या कुतूहलापोटी बर्फाखाली डोकावलेले असावे लागते.

परवा कॉलेजच्या अर्जावर सही करताना मुलीला म्हटले, "ते प्रथिन बर्फाला नेमके चिकटते कसे, एवढे सांग." रात्री जेवणे आटोपली तरी तिचे सांगणे चालूच होते.