मैदानात परतण्याचा हक्क



मुदखेडला कबड्डी खेळणारी मुलगी गुडघा धरून खाली बसली, की घरात एकच निकाल लागतो : "बास झाला खेळ, आता लग्नाचं बघा." मुलाचा गुडघा गेला तर आधी डॉक्टर शोधतात. खरे तर उड्या आणि वळणांच्या खेळांत गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींनाच जास्त असतो.

शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण ९ महिने लागतात. डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, फिजिओथेरपिस्ट पाय हलता करतात. पण दोन्ही पायांची ताकद सारखी करून धाव, उडी, झेप पुन्हा शिकवणार कोण? हे काम करणाऱ्यांना अमेरिकेतील एक संस्था १९८५ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. त्यासाठी पदवी लागते, फी डॉलरमध्ये भरावी लागते आणि परीक्षा मराठीत नाही. दार आहे, पण उंबरठा उंच आहे.

शरीर अडले म्हणून खेळ संपत नाही, हे आपल्याच नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी दाखवले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्या भारताच्या ध्वजवाहक होत्या. गोळाफेकीत त्या पाचव्या आल्या.

आपल्या गटांनी दोन कामे घ्यावीत. जखमी मुलीच्या घरी जाऊन तिचे ते ९ महिने राखावेत. आणि शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपी शिकणारी एखादी मुलगी या परीक्षेला बसू पाहत असेल, तर तिच्या फीला हातभार लावावा.

आपले शरीर आपले आहे, असे आपण म्हणत आलो. त्या शरीराची ताकदही आपलीच आहे.