आखातात जन्मलेलं बाळ आणि एका वर्षाची मुदत

दुबई, कुवेत किंवा जेद्दाहून बाळाचा फोटो येतो आणि खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत मुबारकबादीचे फोन सुरू होतात. कानात अजान झालेली असते. सातव्या दिवशीचा अकीका तिकडे करायचा की गावी, यावर दोन्ही घरांत खल चालतो. नाव कोणी सुचवायचं यावरून फुफी आणि खालामध्ये थोडी रुसवाफुगवीही होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बाळाच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात झाली का?

हा प्रश्न आज का विचारायला हवा, ते जरा सविस्तर पाहू. कारण हा केवळ एका दाखल्याचा विषय नाही. ज्या वर्षापासून हा नियम कडक झाला, त्या वर्षी परदेशात जन्मलेली मुलं आता मतदार झाली आहेत आणि देशभर कागद तपासण्याचे दिवस आले आहेत.

जिथे जन्म, तिथलं नागरिकत्व नाही

आखाती देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत कोकणातल्या मुस्लिम घरांचा वाटा जुना आहे. काही घरांची तिसरी पिढी तिकडे नोकरी करते. पण तीन पिढ्या राहिल्या म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. आखाती देशांत नागरिकत्व रक्ताच्या नात्याने, मुख्यतः वडिलांकडून मिळतं. परदेशी आईबापांच्या पोटी अबुधाबीत जन्मलेलं बाळ पहिल्या दिवसापासून तिथे परदेशीच असतं. वडिलांच्या नोकरीवर त्याचा व्हिसा आणि व्हिसावर त्याचा मुक्काम. यूएईत बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो, नाही तर रोजचा दंड सुरू होतो. व्हिसा हवा तर आधी पासपोर्ट हवा आणि पासपोर्ट हवा तर दूतावासात जावंच लागतं.

म्हणजे त्या बाळाला आपलं म्हणणारा देश एकच, तो म्हणजे भारत. आणि भारतानेही त्यासाठी एक अट घातली आहे.

३ डिसेंबर २००४ ची रेषा

नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये परदेशात जन्मलेल्या मुलांची तरतूद आहे. पूर्वी वडील भारतीय असले की मूल वंशपरंपरेने भारतीय धरलं जाई. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय असला तरी चालू लागलं. ही सुधारणा आपल्या मुलींसाठी महत्त्वाची होती. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून नियम बदलला. त्या दिवशी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेलं मूल, आईवडील दोघेही भारतीय असले तरी, आपोआप भारतीय नागरिक ठरत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात त्याच्या जन्माची नोंद व्हावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना लेखी द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आपल्याकडे अनेकांचा समज असा की, 'आम्ही दोघं इंडियन, मग पोरगं इंडियनच की!' भावनेने ते बरोबर आहे. कायद्याने ते नोंद झाल्यावरच बरोबर ठरतं.

आता हा विषय का तापला

जून २०२५ मध्ये बिहारपासून मतदार याद्यांची विशेष सखोल पडताळणी सुरू झाली. निवडणूक आयोगाने ती देशभर करण्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश घेतले गेले, त्यात शेजारचा गोवाही होता. बिहारच्या मोहिमेत जन्मतारखेप्रमाणे तीन गट पाडले होते: १ जुलै १९८७ पूर्वीचे, तेव्हापासून २ डिसेंबर २००४ पर्यंतचे आणि त्यानंतरचे. या तारखा नागरिकत्व कायद्यातल्याच आहेत. शेवटच्या गटाकडे स्वतःबरोबर आई आणि वडील दोघांचे कागद मागितले गेले. आणि भारताबाहेर जन्म झाला असेल तर? तर भारतीय दूतावासाने दिलेला जन्मनोंदणीचा पुरावा जोडा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

डिसेंबर २००४ मध्ये रियाधला जन्मलेलं मूल डिसेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांचं झालं. म्हणजे नव्या नियमाखालची पहिली पिढी आत्ता कुठे मतदार यादीत येते आहे. ज्या कागदाकडे तेव्हा 'पासपोर्ट मिळाला ना, झालं काम' म्हणून पाहिलं गेलं, तो आता विचारला जातो आहे.

घाबरवणं हा आमचा हेतू नाही. त्या यादीत पासपोर्टही मान्य होता आणि आखातात जन्मून पुढे भारतात आलेल्या बहुतेक मुलांकडे पासपोर्ट असतोच. पण पासपोर्टची मुदत संपते. तो हरवतो. नूतनीकरणाच्या वेळी जुने कागद मागितले जातात. मूळ नोंद हाताशी असलेल्या घराला अशा वेळी धावाधाव करावी लागत नाही.

कोणाची मुलं खरोखर अडचणीत येतात?

नोंद राहून जाणारी घरं बेफिकीर असतात असं नाही. बहुतेकदा ती अडलेली असतात. आई भेटीच्या व्हिसावर आलेली, विमा नाही, बाळंतपण सिझेरियनने झालेलं आणि बिल हाताबाहेर गेलेलं. बिल चुकतं होत नाही तोवर पुढचे कागद रखडतात. किंवा वडिलांची नोकरी सुटलेली, व्हिसा संपलेला. ज्याला तिकडच्या बोलीत 'खल्लीवल्ली' म्हणतात, तसं राहणं नशिबी आलेलं. अशा माणसाला सरकारी खिडकीसमोर उभं राहायचीच भीती वाटते आणि त्या भीतीत बाळाचं वर्ष निघून जातं.

यूएईने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात व्हिसा संपलेल्यांना माफीची सवलत दिली, तेव्हा तिथेच जन्मलेल्या पण कसलेच कागद नसलेल्या मुलांचाही त्यात समावेश केला होता. अशी मुलं आहेत, हे त्या देशानेच मान्य केलं. अशी सवलत पुन्हा जाहीर झाली तर ती दवडू नये. दूतावासात जायला घाबरू नये. व्हिसा नाही म्हणून बाळ भारतीय होऊ शकत नाही, असा कोणताही नियम भारताच्या कायद्यात नाही.

नावांचा घोळ

दुसरी अडचण नावांची. आमच्या ओळखीतल्या रायगड जिल्ह्यातल्या एका घरात मुलाच्या अरबी जन्मदाखल्यावर आईचं नाव तिच्या वडिलांच्या नावासह आलं, कारण तिकडची पद्धत तशी आहे. तिच्या पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव होतं, निकाहनाम्यावर माहेरचं. एकाच बाईची तीन नावं झाली. मुलाच्या नावातल्या 'मोहम्मद'चं इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. पुढे मुलगा गावी शाळेत गेला, आधार काढायला गेला, तेव्हा प्रत्येक टेबलावर नवं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्याच्या वडिलांचे शब्द आम्हाला आठवतात, 'दवाखान्यात पाच मिनिटं थांबून स्पेलिंग बघितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.'

एकच शब्द नाव म्हणून लावण्याची सवयही आता महागात पडते. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश देण्यावर निर्बंध आणले. बाळाच्या पहिल्याच पासपोर्टवर नाव आणि आडनाव, दोन्ही रकाने भरून घ्यावेत.

गावी बाळंतपण केलं तर?

अनेक घरं सुनेला किंवा मुलीला सातव्या महिन्यात गावी पाठवतात. पहिलं बाळंतपण मायक्यात, ही रीत तर आहेच, पण त्यामागे हिशोबही असतो. सौदीत जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक सदस्यामागे महिना १०० रियाल कर लागला. तो दर वर्षी वाढत जुलै २०२० मध्ये ४०० रियाल झाला. म्हणजे एका बाळाचे वर्षाला ४,८०० रियाल. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केला, पण किमान ८०० दिनार पगाराची अट घालून. यूएईत ४,००० दिरहम किंवा ३,००० दिरहम अधिक राहण्याची जागा, असा हिशोब आहे. एवढा पगार नसलेल्या माणसाचं कुटुंब गावीच राहतं आणि त्याला बाळाचं तोंड पहिल्या सुट्टीतच दिसतं. हे दुःख आपल्या मोहल्ल्यांत नवं नाही.

कागदाच्या दृष्टीने भारतातला जन्म सोपा. आईवडील दोघे भारतीय असतील तर बाळ जन्मानेच नागरिक होतं. २१ दिवसांत जन्मनोंद करून घ्यायची, एवढंच. पण तेही टाळू नये. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

इथे एक धोक्याची सूचना. तिकडे जन्मलेल्या बाळाची नोंद राहून गेली की कोणी तरी जाणता सल्ला देतो, 'गावी जन्मला म्हणून ग्रामपंचायतीत लावून टाका.' हे अजिबात करू नका. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिरा दिलेले जन्मदाखले थांबवले आणि मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमलं. त्या धांदलीत ज्यांचे कागद खरे होते अशा गरिबांनाही हेलपाटे पडले. अशा काळात खोटी नोंद म्हणजे पोराच्या गळ्यात आयुष्यभराचं लोढणं. त्याच्या पासपोर्टवर शारजाह आणि दाखल्यावर गाव, हे कधी ना कधी समोर येणारच.

अमेरिकेतल्या बातमीचा अर्थ

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, आईचं वास्तव्य बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावरचं असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर बाळाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. तिथल्या न्यायालयांनी अंमलबजावणी रोखली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीला घेतलं. पुण्या-मुंबईतून एच-१बी व्हिसावर गेलेल्या घरांत यावर काळजी आहे. कोकणातल्या आखाती घरांना मात्र यात नवं काही वाटणार नाही. जन्म इथला, पण मुक्काम परक्याचा, हे त्यांनी पन्नास वर्षं पाहिलं आहे. अमेरिकेचा दरवाजा मिटला तर त्या बाळांनाही भारताच्या त्याच कलम ४ कडे यावं लागेल. त्यांनाही तीच एका वर्षाची मुदत.

काय करावं

निकाह होताच त्याची सरकारी नोंद करून घ्यावी आणि परदेशी जाण्याआधी दाखला प्रमाणित करून न्यावा. बाळाच्या दाखल्यासाठी बहुतेक आखाती देशांत विवाहाचा पुरावा मागतात. दवाखान्यात फॉर्म भरतानाच सगळी स्पेलिंगं पासपोर्ट समोर ठेवून तपासावीत. स्थानिक दाखला मिळताच दूतावासात जन्मनोंद आणि पासपोर्ट, दोन्हीचे अर्ज करावेत. दूतावासाने दिलेला जन्मनोंदणीचा दाखला वेगळा जपावा आणि त्याची एक प्रत गावी ठेवावी. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. अशा वेळी माणूस हाताला लागेल तेवढंच घेऊन निघतो.

मुदत टळली असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परवानगीसाठी दूतावासामार्फत अर्ज करावा. कायमचे परत येणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. परदेशात नोंद राहून गेली असेल तर मूल भारतात पोहोचल्यापासून ६० दिवसांत जन्मनोंदणी कायद्याच्या कलम २० खाली भारतात जन्मनोंद करता येते. मात्र ही जन्माची नोंद झाली. नागरिकत्वाची नोंद वेगळी, ही गल्लत करू नये.

सरकारकडेही एक मागणी करायला हवी. एक वर्षाची अट माहीत नसल्याने चुकलेल्या, आईवडील दोघेही भारतीय असलेल्या मुलांची प्रकरणं ठराविक मुदतीत निकाली काढावीत. चूक मोठ्यांची, शिक्षा मुलांना, असं होऊ नये. आपल्या जमातींनाही करण्यासारखं काम आहे. निकाह, मय्यत, चंदा यांच्या वह्या जमातीत असतातच. त्यात परदेशात जन्मलेल्या मुलांची एक वही वाढवायला खर्च नाही. रमजानच्या सुट्टीत लोक गावी येतात, तेव्हा एखाद्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं या विषयावर बोलता येईल.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी तिकडून बाळाचा फोटो आला की मुबारकबाद जरूर द्या, अकीक्याचं जरूर विचारा. फोन ठेवण्याआधी एवढं मात्र विचारून घ्या, 'एम्बसीत नोंद केलीत ना?'