फंक्शन आहे, पण सापडत नाही!

केडगावात कोणासमोर 'आर' म्हणा, त्याला सातबारा आठवेल. शंभर चौरस मीटरचा एक आर, चाळीस आर म्हणजे साधारण एकर. लॅबमधला आर वेगळा. ती संख्याशास्त्राची भाषा. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990च्या दशकात लिहिलेली, आणि फुकट. साम्य एवढेच की दोन्हीकडे हद्दी कुठे आहेत ते चटकन कळत नाही!

मित्रहो, आर अवघड आहे ही तक्रार मला पटत नाही. खरी अडचण अशी, की आपल्याला हवे ते फंक्शन आत आधीपासून असते आणि आपल्यालाच पत्ता नसतो. नुसत्या 'बेस' पॅकेजमध्ये बाराशेच्या वर नावे आहेत. क्रॅन या सार्वजनिक भांडारात वीस हजारांच्या वर पॅकेजेस. एवढ्या पसाऱ्यात हॉस्टेलवरचा मुलगा काय करतो? सीनिअरच्या जर्नलमधला कोड उतरवतो. त्यात फॉर लूप लावून वीस ओळींत जे चाललेले असते, ते पुष्कळदा एका ओळीचे काम असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

आपल्या शेजारच्या नेप्ती उपबाजारातला कांदा घ्या. लिलावात एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे भाव निघतात. समजा महिनाभराचे भाव फाइलमध्ये आहेत आणि प्रत्येक नंबराचा मध्यक काढायचा आहे. कुठलेही पॅकेज न घालता हे करणारी निदान तीन फंक्शन्स मिळतात: 'टीअ‍ॅप्लाय', 'अ‍ॅग्रिगेट' आणि 'बाय'. आता 'टीअ‍ॅप्लाय'चे मदतपान उघडा. शीर्षकात म्हटले आहे, 'रॅगेड अ‍ॅरे'वर फंक्शन लावणे. रॅगेड म्हणजे फाटका, खालीवर कडांचा. कांद्याचे गट पाडायला निघालेला कोण शहाणा 'फाटका अ‍ॅरे' शोधायला जाईल? आणि कांद्याचा व्यास मोजून त्याला नंबर द्यायचा असेल, तर त्या फंक्शनचे नाव 'कट'. सुरी-विळी काही नाही, आकड्यांची रांग कापून गट पाडायचे, म्हणून कट.

सगळ्यात मजा 'मोड'ची. मी कॉन्व्हेंटवाला, मीन-मीडियन-मोड एका दमात पाठ. आरमध्ये 'मीन' आहे, 'मीडियन' आहे, 'मोड'ही आहे. पण तो भावांचा मोड देत नाही, डेटा कोणत्या प्रकारात साठवलाय ते सांगतो! माझा रूममेट मराठी माध्यमातला. तो 'बहुलक' शिकला. त्याने सरळ 'टेबल' लावून वारंवारता मोजली आणि 'विच डॉट मॅक्स'ने सर्वांत मोठी उचलली. शब्द वेगळा असल्यामुळे तो काम काय आहे याचा विचार करत होता, मी फक्त नावाचा. (बहुलक हा शब्द मी इथे हॉस्टेलवर आल्यावर ऐकला, हे त्याला अजून विनोदी वाटते.)

नावांना तर शिस्तच नाही. 'रीड डॉट सीएसव्ही'मध्ये टिंब, 'रोसम्स'मध्ये मधेच कॅपिटल अक्षर, 'सीक अलाँग'मध्ये खालची रेघ. यालाही इतिहास आहे. बेल लॅब्समध्ये 1976 साली सुरू झालेल्या 'एस' भाषेकडून आरने बरेच उचलले, आणि जुन्या आरमध्ये खालची रेघ हे किंमत ठेवण्याचे चिन्ह होते. 2003-04मध्ये ते बदलले, तोवर नावात ती चालतच नव्हती. म्हणून जुन्या नावांत टिंबेच टिंबे.

मग शोधायचे कसे? नेट लागतच नाही, हे आधी सांगतो, कारण हॉस्टेलचे नेट रात्री दहानंतर कसे चालते ते सर्वांना ठाऊक आहे. नावाचा तुकडा आठवत असेल तर 'अ‍ॅप्रोपोज'. नाव माहीत नाही पण विषय माहीत आहे, तर दोन प्रश्नचिन्हे आणि पुढे शब्द; मशिनवर जेवढी पॅकेजेस आहेत तेवढ्यांची मदतपाने तो धुंडाळतो. हातात रिग्रेशनचे उत्तर आहे आणि त्याचे पुढे काय काय करता येते हे हवे असेल, तर 'मेथड्स'ला त्याचा क्लास सांगा, यादी येते. 'एक्झाम्पल' लावले की मदतपानातली उदाहरणे चालवून दाखवतो. आणि प्रत्येक पानाच्या तळाजवळचे 'सी ऑल्सो' वाचा. माझ्या मते आरमधली निम्मी विद्या तिथेच आहे, आणि तिथपर्यंत कोणी खाली जात नाही.

शोधणे झाले, पण मांडणी? आरमध्येच तिचे चांगले नमुने आहेत. डी, पी, क्यू, आर ही चार अक्षरे शिका: घनता, संचयी संभाव्यता, क्वांटाइल, यादृच्छिक आकडे. त्यांच्यापुढे 'नॉर्म', 'बायनॉम', 'पॉइस' जोडत जा. वीस वितरणे म्हटली तर चारच अक्षरांत ऐंशी फंक्शन्स! 'स्ट्रिंगआर' पॅकेजवाल्यांनीही शहाणपणा केला. त्यांची बहुतेक फंक्शन्स 'एसटीआर' आणि खालच्या रेघेने सुरू होतात, तेवढे टाइप करून टॅब दाबला की यादी समोर. क्रॅनवर कामाच्या विषयांप्रमाणे 'टास्क व्ह्यूज' आहेत. त्यांत शेती आहे, जलविज्ञान आहे, टाइम सिरीज आहे. नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या सिव्हिलच्या मुलांना जलविज्ञानाचे पान माहीत नसावे, हे मला तरी बरे वाटत नाही. पुस्तक हवे असेल तर पुरोहित, गोरे आणि देशमुख यांचे 2008 सालचे 'स्टॅटिस्टिक्स युजिंग आर' आहे.

कोणी म्हणेल, आता चॅटजीपीटी आहे, यादी कशाला? विचारा की, जरूर विचारा. पण तो कधी कधी अस्तित्वात नसलेले फंक्शनही छातीठोकपणे सांगतो. 'एक्झिस्ट्स' लावून बघायचे तरी सुचले पाहिजे. शिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तो शेजारी बसत नाही.

शिक्षकांना एक विनंती. ओरलला सिंटॅक्स विचारला की मुले सिंटॅक्स पाठ करतात, परीक्षा झाली की विसरतात. त्याऐवजी काम सांगा, मदतपाने उघडी ठेवू द्या, आणि विद्यार्थी योग्य फंक्शनपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो त्याला मार्क द्या. जर्नलची शेवटची चार पाने फंक्शनच्या सूचीसाठी ठेवा. सूची एबीसीडीप्रमाणे नको, कामाप्रमाणे हवी, आणि मथळे मराठीत: गट पाडणे, रिकाम्या जागा शोधणे, तारखा जुळवणे, दोन तक्ते जोडणे.

आमच्या मजल्यावर अशी वही सुरू झाली आहे. सध्या साठेक नावे आहेत. 'गट पाडणे' भरत आलेय, 'तारखा'खाली दोनच ओळी आहेत, 'जलविज्ञान' पान कोरे आहे. वही कॉमन रूममध्ये टीव्हीच्या कपाटावर असते, पेन बरोबर आणा.